शेवटचे साडेतीन किलोमीटर: ऑल-व्हील ड्राइव्ह घ्यावी की फोर बाय फोर?

कातळवाट

नमस्कार मंडळी. गाडी निवडताना अडलो आहे. पुण्याहून संगमेश्वर तालुक्यातल्या गावी महिन्यातून दोनदा जायचं असतं. कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण असा तीनशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता. तिथवर कुठलीही गाडी जाते. प्रश्न आहे तो डांबरी सुटल्यानंतरच्या साडेतीन किलोमीटरचा. आधी दोन किलोमीटर सडा, म्हणजे उघडा कातळ आणि फुटका जांभा. मग लाल मातीचा उतार, त्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या. खाली पऱ्या, म्हणजे ओढा. त्यावर साकव आहे, पण तो माणसांपुरता. गाडी पाण्यातूनच न्यावी लागते. पलीकडे थोडा चढ आणि घर.

माणसं चार, त्यातली दोन सत्तरीच्या पुढची. सामान बऱ्यापैकी: येताना आंबे-नारळ, जाताना किराणा. बजेट ऑन-रोड २३ लाखांपर्यंत. जुनी गाडीही चालेल. डोक्यात आहेत ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरची ऑल-व्हील ड्राइव्ह, जिम्नी, थार रॉक्स आणि जुनी डस्टर ऑल-व्हील ड्राइव्ह.

शोरूममध्ये सगळ्यांचं एकच पालुपद, "सर, २१० एमएम क्लिअरन्स आहे, कुठेही जाते." कुठेही म्हणजे नक्की कुठे, ते इथे विचारतोय.

---

चिरेबंदी

गाडीच्या आधी रस्ता मोजा. टेप, सुतळी, एक काठी आणि मोबाइलमधलं उतार मोजण्याचं ॲप एवढं पुरे. तासाभराचं काम आहे आणि त्यावर काही लाखांचा निर्णय ठरतो.

चाकोरी मोजताना दोन्ही चाकांच्या घळींमधला उंचवटा घळीच्या तळापासून किती वर येतो, ते बघा. घळीत एक वीट उभी ठेवून सुतळी आडवी ताणली की लगेच कळतं. ब्रोशरमधला २१० मिमी क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या सर्वांत खालच्या भागाची उंची, हा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. चार माणसं, पुढे-मागे सामान चढलं की मोनोकॉक (वेगळी फ्रेम नसलेल्या) गाडीचं पोट ३०-४० मिमी खाली येतं. म्हणजे हातात उरले १७०-१८०. उंचवटा १५० च्या वर असेल तर घासणार हे धरून चाला.

इथेच एक बारकावा आहे, तो विक्रेते सांगत नाहीत. जिम्नी किंवा थारला मागे अखंड एक्सल असतो (जिम्नीला पुढेही), आणि त्यांचा क्लिअरन्स मोजला जातो तो एक्सलच्या मधल्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या) गोळ्याखाली. एक्सल चाकांवरच बसलेला असल्यामुळे वजन चढलं तरी तो गोळा जमिनीपासून तेवढाच वर राहतो, आणि गाडीचं पोट तर त्याहून बरंच उंच असतं. म्हणून कागदावर दोन्हीकडे २१० दिसलं तरी जिम्नीचा मधला उंचवटा ओलांडण्याचा कोन २४ अंश येतो. ग्रँड व्हिटाराचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २६०० मिमी आणि क्लिअरन्स २१० धरून हिशेब केला तर तो १८ अंशांच्या आसपास जातो. बांधावरून, मोरीच्या कडेवरून गाडी उतरवताना हा फरक आवाजाने कळतो.

चढाची लांबी आणि कोन लिहून काढा. सगळ्या वाटेचा नको, सर्वांत वाईट पन्नास-साठ मीटरचाच.

रुंदीही मोजा. वाट दोन्हीकडून गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जात असेल तर सर्वांत अरुंद वळणावर टेप लावा. जिम्नी १६४५ मिमी, ग्रँड व्हिटारा १७९५, रॉक्स १८७०, आणि हे सगळे आकडे आरसे सोडून. कोपऱ्यावरचा एक चिरा जरी बाहेर आलेला असला तर दार गेलंच समजा.

पऱ्यात काठी घालून खोली बघा, तळ दगडी आहे की वाळूचा तेही बघा. साध्या एसयूव्हीसाठी ३०० मिमीच्या पुढे विचारच करू नका, आणि तेही पाणी संथ असेल तर. पाणी वाहतं आणि गढूळ असेल, तळ दिसत नसेल, तर गाडी अलीकडे ठेवून साकवावरून चालत जा. थारची ६५० मिमीची क्षमता कागदावर आहे. वाहत्या पाण्याच्या धक्क्याचा विचार त्या आकड्यात नाही.

---

डिफरन्शियल_दादा

चिरेबंदींनी जमीन सांगितली, मी यंत्र सांगतो.

तुमच्या यादीत दोन वेगळ्या जाती आहेत. ग्रँड व्हिटारा, हायरायडर आणि डस्टर या मुळात पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी एक कपलिंग असतं. पुढची चाकं घसरू लागली, किंवा घसरतील असं कॉम्प्युटरला वाटलं, की ते कपलिंग आवळतं आणि मागच्या चाकांना ताकद जाते. व्हिटारात ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे चार मोड आहेत. चिखल लागण्याच्या आधीच लॉक टाकायचं, अडकल्यावर नाही. वेग वाढला की लॉक आपोआप सुटतो, त्यामुळे चिखलातून बाहेर येऊन पुन्हा आत जाताना डॅशबोर्डवरचा दिवा बघून घ्या.

या कपलिंगचा शत्रू म्हणजे उष्णता. पाच-दहा मिनिटं चाकं नुसती गरगरवत बसलात तर ते तापतं, दिवा लागतो आणि गाडी गुपचूप फ्रंट-व्हील ड्राइव्ह होते. नेमकी तेव्हा, जेव्हा मागच्या चाकांची सर्वांत जास्त गरज असते. तसं झालं तर इंजिन चालू ठेवून थांबा, थंड होऊ द्या आणि तोवर चाकांखालचा चिखल उपसा.

जिम्नी आणि थार ही दुसरी जात. लॅडर फ्रेम, म्हणजे खाली वेगळी मजबूत चौकट; ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी; आणि लो रेंज, म्हणजे हळू पण जोरदार चालीचे गिअर. फोर-हायमध्ये (चारही चाकं, नेहमीचे गिअर) पुढचा आणि मागचा शाफ्ट थेट जोडला जातो, मध्ये डिफरन्शियल नाही. म्हणून कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर फोर-हाय लावून वळणं घेऊ नका. पुढची आणि मागची चाकं वळणात वेगवेगळं अंतर कापतात, तो फरक जायला जागा मिळत नाही, शाफ्टमध्ये पीळ साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि मग लिव्हर टू-हायमध्ये यायलाच तयार नसतो. अशा वेळी सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घेतलं की पीळ सुटतो.

लो रेंजचा फायदा वेगात दिसतो. जिम्नी मॅन्युअल, लो रेंज, पहिला गिअर, १००० आरपीएम: ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. हाय रेंजला त्याच्या दुप्पट. जुन्या डस्टर ऑल-व्हील ड्राइव्हला लो रेंज नाही, पण सहा गिअरमधला पहिला मुद्दाम आखूड ठेवलेला, १००० आरपीएमला पावणेसहाच्या आसपास. त्यामुळे क्लच न जाळता दगडावरून उतरता येतं. व्हिटारा आणि हायरायडरला ऑल-व्हील ड्राइव्ह आधी पाच गिअरच्या मॅन्युअलमध्ये होती, २०२५ पासून ती सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकमध्ये आली. तुमच्या कामाला ऑटोमॅटिकच घ्या. १.५ लिटरच्या त्या इंजिनाला खालच्या आरपीएमला फार दम नाही. मॅन्युअलमध्ये चढावर अर्धा क्लच दाबून धरला जातो आणि भरल्या गाडीत वास यायला वेळ लागत नाही. टॉर्क कन्व्हर्टर तो ताण तेलावर घेतो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. लो रेंजने पकड वाढत नाही. ताकद वाढते आणि ती हळूहळू सोडता येते, एवढंच. टायर आणि माती यांच्यात जेवढी पकड आहे तेवढीच मिळते, मग गाडी कुठलीही असो. आणि चारही चाकं फिरवल्याने ब्रेक जास्त चांगला लागतो असंही नाही. शेवाळलेल्या जांभ्यावर थार घसरते तशीच अल्टो घसरते.

तुमच्या यादीबद्दल थोडक्यात. तीन दारांची थार तुम्ही घेतली नाहीत ते बरं, मागे चढायला पुढची सीट दुमडावी लागते. रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला आहे. गाडी दणकट आहे, पण गडग्याचा कोपरा मोजल्याशिवाय हो म्हणू नका. जिम्नी चार जणांची, मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटर. आंब्याच्या दोन पेट्या ठेवल्या की किराणा मांडीवर. शिवाय तीनशे किलोमीटर हायवेला तिचं डुलणं सत्तरीच्या पाठीला मानवेल का, ते त्यांनाच मागे बसवून तासभर फिरवून बघा. शोरूमच्या भोवती एक चक्कर मारून ते कळत नाही.

---

ट्रेड_डेप्थ

टायरचं अजून कोणी बोललं नाही म्हणून.

व्हिटाराचा टायर २१५/६० आर १७. बाजूच्या भिंतीची उंची २१५ चे ६० टक्के, म्हणजे १२९ मिमी. जिम्नीचा १९५/८० आर १५, म्हणजे १५६ मिमी. दोन्ही टायरचा पूर्ण व्यास ६९० मिमीच्या आसपास, जवळपास सारखाच. पण जिम्नीच्या रिमखाली २७ मिमी जास्त रबर आणि हवा आहे. फुटक्या जांभ्याची कड पत्र्यासारखी असते. टायर तिच्यावर चढतो तेव्हा बाजूची भिंत चिमटते आणि कापली जाते. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर पडलेलं भोक पंक्चरवाला भरून देतो, पण भिंतीला काप गेला की टायर फेकायचाच. म्हणून सड्यावर पूर्ण मापाचा स्पेअर हवाच. कुठल्या व्हेरिएंटला कोणत्या मापाचा स्पेअर मिळतो ते बुकिंगच्या आधी डिकीची मॅट उचलून, टायरवर छापलेलं माप वाचून ठरवा.

त्यात ऑल-व्हील ड्राइव्हची आणखी एक अट. चारही टायर एकाच मापाचे, एकाच पॅटर्नचे आणि झीजही जवळपास सारखी हवी. तीन अर्धे झिजलेले आणि एक कोरा अशी जोडी लावली तर कोऱ्याचा घेर मोठा, तो हळू फिरतो. कॉम्प्युटरला वाटतं चाक घसरतंय आणि कपलिंग सरळ हायवेवरही काम करत राहतं. दर ८-१० हजार किलोमीटरला पुढचे मागे फिरवा. काप गेलाच तर एक नव्हे, निदान दोन बदला आणि झीज मोजून लावा.

हवा. हायवेला दारावरच्या स्टिकरप्रमाणे. सडा लागला की २६-२८ पीएसआयवर आणा, लाल चिखलाला २२-२४. हवा कमी केल्यावर ताशी तीसच्या वर जायचं नाही आणि झटक्यात स्टिअरिंग वळवायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. डांबरी लागण्याच्या आधी १२ व्होल्टच्या पंपाने पुन्हा भरा, चारही चाकांना मिळून वीसएक मिनिटं जातात. पंप थेट बॅटरीला चिमटे लावणारा घ्या. सिगारेट सॉकेटवाले बारके पंप तिसऱ्या चाकाला गरम होऊन बंद पडतात.

२१५/६० आर १७ मध्ये ऑल-टेरेन पॅटर्नचे पर्याय मोजकेच आहेत, १९५/८० आर १५ मध्ये तुलनेने बरे. जास्त रुंद टायर घालण्याच्या भानगडीत पडू नका. चाक पूर्ण वळल्यावर फेंडरच्या अस्तराला घासतात आणि चिखलात रुंद टायर तरंगतो, खालच्या घट्ट मातीपर्यंत पोचतच नाही.

---

हाफ_क्लच

जुनी डस्टर ऑल-व्हील ड्राइव्ह घ्यायचीच असेल तर आधी वय बघा. ती २०१४ मध्ये आली, १.५ लिटर डिझेल, ११० पीएस, आणि बीएस-६ च्या वेळी डिझेलच बंद झालं. म्हणजे सर्वांत नवी मिळाली तरी २०२० च्या सुरुवातीची. सगळ्या डस्टर ऑल-व्हील ड्राइव्ह नसतात. गिअर लिव्हरजवळ टू-व्हील, ऑटो आणि लॉकचं गोल बटण आहे का ते बघा आणि खाली वाकून मागे जाणारा शाफ्ट डोळ्यांनी बघा. मागचं सस्पेन्शनही स्वतंत्र असतं.

तपासताना गाडी लिफ्टवर घ्या. मागच्या डिफरन्शियलचा भरण्याचा प्लग उघडा, बोट बुडवा. तेल काळपट असेल तर चालेल, बदलता येतं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. ते असं जातं: डिफरन्शियल तापलेलं असताना पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत ओढून घेते. बाहेरून काहीच दिसत नाही, सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडतं. मग ॲक्सलच्या रबरी बुटांना चीर आहे का बघा, आणि शाफ्टच्या मधल्या बेअरिंगला हाताने हलवून खेळ आहे का बघा. चाचणीत ताशी ६० ते ८० च्या दरम्यान सीटखालून घुंई ऐकू आली तर तेच बेअरिंग.

लॉक लावून मोकळ्या मातीच्या मैदानात पूर्ण स्टिअरिंग वळवून इंग्रजी आठच्या आकड्यात हळू फिरवा. थोडा अडखळल्यासारखा ताण जाणवतो, तो ठीक. धक्के, खटखट आवाज ठीक नाही. अजिबात काहीच जाणवलं नाही तर कपलिंग जोडलंच जात नाही अशी शंका घ्या.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप यांचा खर्च किमतीतून वजा करून बोला. इंजिन चिवट आहे, त्याची काळजी नको. काळजी आहे ती ऑल-व्हील ड्राइव्हच्या खास सुट्या भागांची. साध्या डस्टरचे भाग सहज मिळतात, कपलिंगसाठी थांबावं लागू शकतं. गावातल्या गाडीला एवढा धीर असेल तरच घ्या.

---

कातळवाट

सगळ्यांचे आभार. रविवारी मोजून आलो. सर्वांत वाईट टप्पा लाल मातीचा, ५५ मीटर लांब, कोन १४ अंश. गावी जाताना तो उतार, परतताना चढ. चाकोरीचा उंचवटा बहुतेक ठिकाणी १२०-१३०, पण मधल्या दहा मीटरमध्ये १८०. गडग्याचा कोपरा २२६० मिमी. पऱ्याला आत्ता २०० मिमी पाणी, तळ दगडी. जोराचा पाऊस झाला की ओलांडायचं नाही हे घरात ठरलेलंच आहे. वाट आमच्या आणि शेजाऱ्यांच्या सामायिक जागेतून जाते, त्यामुळे दुरुस्ती करता येईल. मग काय घ्यावं?

---

चिरेबंदी

वाट स्वतःची असेल तर अर्धं काम झालं. आकड्यांत सांगतो.

१४ अंश म्हणजे चारास एक, २५ टक्के चढ. भरलेल्या मोनोकॉक गाडीचं सपाटीवर ५४ टक्के वजन पुढच्या चाकांवर असेल तर या चढावर ते ४८ च्या आसपास उरतं, बाकी मागे सरकतं. ओल्या लाल चिखलात साध्या टायरची पकड वजनाच्या ०.३ पट धरा. नुसती पुढची चाकं ओढत असतील तर हाती येतात ०.३ गुणिले ०.४८, म्हणजे ०.१४. लागतात चढासाठी ०.२५ आणि चिखलाच्या अडथळ्यासाठी ०.०५ ते ०.०६. जमणारच नाही. चारही चाकं फिरली तर ०.३ पूर्ण मिळतात आणि लागतात ०.३१. म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्हही दारात येऊन अडणार! जिम्नी, रॉक्स यांचंही गणित हेच. चांगला ऑल-टेरेन टायर आणि कमी हवा यांनी पकड ०.४ च्या वर नेली तरच त्या सुटतात.

आता त्या ५५ मीटरवर काँक्रीटच्या दोन पट्ट्या टाका. ओल्या, खरखरीत काँक्रीटवर पकड ०.५ धरा, अडथळा जवळपास शून्य. पुढच्या चाकांना मिळतात ०.२४ आणि लागतात ०.२६ ते ०.२७. फ्रंट-व्हील ड्राइव्ह अजूनही रडतखडतच. ऑल-व्हील ड्राइव्हला मिळतात ०.५. झक्क.

म्हणजे फक्त गाडीवर किंवा फक्त रस्त्यावर पैसे टाकून भागत नाही. मी थोडे थोडे दोन्हीकडे टाकीन.

पट्ट्यांचा हिशेब: प्रत्येकी ६०० मिमी रुंद, १५० मिमी जाड, ५५ मीटर, दोन. एकूण ९.९ घनमीटर, दहा धरा. १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाला घनमीटरमागे साधारण आठ पोती सिमेंट, म्हणजे ८० पोती. वाळू दीड ब्रास, खडी तीन ब्रास. पट्ट्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर गाडीच्या दोन चाकांमधल्या अंतराएवढं, आणि वळणावर पट्टी ९०० पर्यंत रुंद करा. तिथे मागची चाकं आतून जातात, नेमकी पट्टीच्या कडेवरून घसरतात. खाली १५० मिमी दगडाची सोलिंग ठोकून घ्या. काँक्रीट आवळायच्या आधी खराट्याने आडव्या रेघा ओढा. गुळगुळीत थापी मारणाऱ्या गवंड्याला त्या दिवशी चहा पाजत दुसरीकडे बसवा. दर चार मीटरला सांधा ठेवा, आणि दहा दिवस गोणपाट ओलं ठेवून पाणी मारा.

आणि सर्वांत आधी पाण्याची वाट बदला. चाकोरी ट्रॅक्टर सुरू करतो, खोल करतं ते पाणी. डोंगराच्या बाजूला एक फूट खोल चर काढा आणि दर पंधरा-वीस मीटरला वाटेवर तिरपा, उताराच्या दिशेने बांध घालून पाणी बाहेर सोडा. हे केलं नाही तर दोन पावसाळ्यांत पट्टीखालची माती वाहून जाईल आणि काँक्रीट अधांतरी लटकेल.

सड्यावरचं शेवाळ जूनच्या अखेरीस आणि ऑगस्टमध्ये एकदा तारेच्या ब्रशने खरवडा, वर ब्लीचिंग पावडर टाका. फक्त उताराच्या जागी, सगळा सडा धुवायला जाऊ नका. ब्लीचिंगचं पाणी पऱ्यात उतरणार नाही एवढं बघा.

---

डिफरन्शियल_दादा

हे काम होणार असेल तर माझं मत ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडर, ऑल-व्हील ड्राइव्ह, ऑटोमॅटिक. म्हातारी माणसं आणि तीनशे किलोमीटरचा हायवे हे वर्षभराचं आहे, चिखल चार महिन्यांचा. दोन्ही गाड्या आतून एकच. सर्व्हिस सेंटर चिपळूण-रत्नागिरीत ज्याचं जवळ पडेल आणि डिलिव्हरी ज्याची लवकर मिळेल ती घ्या. कोपरा २२६० आहे, गाडी १७९५. दोन्हीकडे मिळून ४६५ मिमी उरतात, आरसे मिटून सावकाश जाते. रॉक्स तिथे ३९० वर येते, दर फेरीला ते कंटाळवाणं.

सामायिक जागेवरून शेजाऱ्यांशी बोलणी फिसकटली आणि वाट आहे तशीच राहणार असेल, तर मत बदलतो: जिम्नी मॅन्युअल, ऑल-टेरेन टायर, आणि सामानासाठी छतावर कॅरिअर. मधलं काही नाही.

व्हिटारा घेतलीत तर पहिल्याच महिन्यात इंजिनाखाली तीन मिमी स्टीलची किंवा पाच मिमी ॲल्युमिनियमची प्लेट बसवा. बोल्ट सबफ्रेमच्या मूळ भोकांमध्येच बसले पाहिजेत, मोनोकॉकच्या पत्र्याला नवीन भोक पाडून देणाऱ्याकडे जाऊ नका. तेल सोडायच्या प्लगखाली झाकण असलेलं भोक हवं, नाहीतर दर सर्व्हिसला अख्खी प्लेट काढावी लागते आणि मेकॅनिक चार बोल्टपैकी दोनच परत लावतो. ट्रान्सफर केस आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, पण दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदला, कारण पऱ्या दर फेरीला आहे. गाडी बंद पडली तर टोइंगवाल्याला आधीच सांगा: फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक. पुढची दोन चाकं उचलून मागची घासत नेली तर कपलिंगचा बळी जातो.

डिकीत आठ मीटरचा पट्टा, तो अडकवायला दोन शॅकल (लोखंडी कड्या), फावडं आणि दोन जाड गोणपाटं. अडकलात तर चाकापुढे गोणपाट किंवा आसपासच्या सुपारीच्या झावळ्या, देठाची बाजू आडवी करून. बंपरमध्ये आट्याने बसणारा हुक सरळ ओढण्यासाठी असतो. तिरका झटका दिला तर आट्यांसकट बाहेर येतो, त्यामुळे पट्टा ताणलेला असताना कुणालाही मध्ये उभं राहू देऊ नका.

---

कातळवाट

शेजाऱ्यांशी बोललो. ते खडीचा ट्रॅक्टर देणार, सिमेंट आमचं. एक शेवटचं: पट्ट्या होईपर्यंत एक पावसाळा तसाच काढावा लागेल. चढाच्या मध्येच चाकं फिरायला लागली तर काय करायचं?

---

ट्रेड_डेप्थ

ॲक्सिलरेटर वाढवू नका आणि एकदम सोडूही नका. दोन-तीन सेकंद तसाच धरा; ब्रेकने घसरणारं चाक आवळून ताकद दुसऱ्या चाकाला द्यायला गाडीला तेवढा वेळ लागतो. स्टिअरिंग डावी-उजवीकडे पाव फेरी हलवलं तर कधी कधी टायरच्या कडेला पकड मिळते. तरीही पुढे सरकली नाही तर ब्रेक, हँडब्रेक, रिव्हर्स. गाडी वळवायची नाही. चढावर आडवी झाली की चाकोरीची कड तिला कलंडवायला पुरेशी असते. सरळ रिव्हर्समध्ये, पाय ब्रेकवर हलका, आरशांत बघत खाली पऱ्यापर्यंत. मग सगळी माणसं उतरवा, हवा २२ वर आणा, लॉक टाका आणि डावं चाक मधल्या उंचवट्यावर, उजवं बाहेरच्या कडेवर ठेवून पुन्हा चढवा. मोठी माणसं तोवर वर चालत पोचलेली असतील.